स्कार्फचा बोगदा

ठक्.

काल संध्याकाळपासून घरात कुणी धड बोललं नव्हतं. त्यामुळे बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनमधून तो आवाज आला तेव्हा धाकट्या सईच्या कपात दूध ओतणाऱ्या दिपालीचा हात हलला आणि दूध ओट्यावर सांडलं. ड्रम फिरला, थांबला, उलटा फिरला. ठक्. नाणं नव्हे, नाणं किणकिणतं. पट्ट्याचं बक्कल असतं तर खरवडलं असतं. हा आवाज जड होता आणि तिच्या ओळखीचा होता. लहानपणी खारदांड्याला बापानं एकदाच तिला होडीत नेलं होतं, तेव्हा जाळ्यात मुशी, शार्कच्या जातीची, आली होती, जवळजवळ दिपालीएवढीच. ती फळीवर अशी काही तडफडत होती की होडीच उलटेल असं वाटलं. बापानं, काशीरामनं, शांतपणे सोटा उचलला आणि तिच्या डोक्यावर घातला. ठक्. पुन्हा घातला. "मेली नाय तर चावल गो," तो म्हणाला. फ्रॉकवर रक्त उडालं होतं, आणि दिपाली हसली होती. भीतीनं हसली असं घरात नंतर सगळे म्हणायचे. तिला आठवत होतं ते वेगळं होतं. तिला मजा वाटली होती.

मशीनमध्ये तिनं आज काहीच न बघता कोंबलं होतं. एरवी स्काउट पथकातल्या मुलांना ती बजावायची, गणवेश धुवायला टाकण्याआधी खिसे तपासा, शिटी काढा, तिची लॅनयार्डची दोरी काढा. आज स्वतःचा आकाशी कुर्ता, त्याच्या बाहीवरचा पथकातल्या नव्या भीमराजच्या रक्ताचा तांबूस डाग आत जाईल असा गुंडाळून, प्रीतमची खाकी पँट, सईचा फ्रॉक, सगळं एकदम आत. तिनं मशीन थांबवलं. झाकणाचं कुलूप सुटेपर्यंत उभी राहिली. मग गार, फेसाळ पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बोटांना एक पीळ लागला, कापडाचा, दोरखंडासारखा घट्ट. ओढला तर टोक वजनानं मागे राहिलं. स्कार्फ होता. त्याच्या टोकाला लिंबाएवढी गाठ, आणि त्या गाठीच्या पोटात दगड.

पहिल्या क्षणी तिच्या मनात जे आलं त्याची तिला नंतर शिसारी आली. पहिल्या क्षणी तिला गाठ आवडली होती. एकही पदर सुटा नव्हता, तिन्ही वेढे सारखे, मशीननं एवढं आपटूनही सैल न झालेले. आजवर पथकात कुणाला इतकी सुबक गाठ जमली नव्हती. बुडणाऱ्याकडे दोर फेकायचा तर टोकाला वजन हवं, नाहीतर वारा दोर परत आणतो. बापानं तिला ती गाठ खारदांड्याच्या वाळूत शिकवली होती, आणि तिनं पोरांना, मरोळच्या त्या सोसायटीमागच्या मैदानात, चिंचेच्या झाडाखाली. "दोर द्यायला असतो गो, मारायला नाय," बाप म्हणायचा. हे वाक्यही तिनं पोरांना सांगितलं होतं का? तिला आठवेना. मग तिनं स्कार्फचं दुसरं टोक शोधलं. पथकातले सगळे स्कार्फ सारखे, सारखे हरवतात, म्हणून घरातल्या स्कार्फवर तिनं खूण केली होती. निळ्या दोऱ्यानं भरलेलं नखाएवढं पापलेट. ते तिथं होतं. ओलं, फेसानं भरलेलं, गोल डोळ्याचं.

आतल्या खोलीत प्रीतम पाठमोरा झोपला होता. झोपला नव्हता. बारा वर्षं ज्याच्या श्वासावर कान ठेवून झोपलो त्याचं सोंग आईला कळतं.

फोन वाजला. सीतारामसर. पथकाचे सगळ्यात जुने कार्यकर्ते. दिपाली लग्न होऊन मरोळला आली आणि हौसेनं स्काउटच्या कामाला लागली, तेव्हा यांनीच तिला शिटी दिली होती. "हे बघ दिपाली, मी सगळ्यांशी बोललोय," ते म्हणाले. "विकीचं नाव सांगायचं. तो पोरगा तसाही दांडगा आहे. बाप टेम्पो चालवतो, आई सोडून गेलीये, कोण येणारे भांडायला? काढून टाकतो त्याला, भीमराजच्या आईला, माधुरीबाईंना, नाव मिळेल, विषय संपला."

"विकीनं मारलं म्हणून कोण म्हणतंय सर?"

"अगं, कोण म्हणायला कशाला पाहिजे? तो रांगेत होता ना? तू शिटी मारलीस, पोरांनी ऐकली नाही, हे तर तू डॉक्टरांपुढे सांगितलंच आहेस. तुझ्याकडे बोट नाही येणार. नाहीतर पोलीस येतील, सोसायटी मैदान काढून घेईल, वाट लागेल सगळ्याची."

तिनं फोन ठेवला. स्कार्फमधलं पाणी तिच्या पावलावर थेंबथेंब पडत होतं.

बोगदा तिनंच सुरू केला होता. गंमत म्हणून. नव्या मुलानं स्काउटचं वचन घेतलं की बाकीच्यांनी समोरासमोर दोन रांगा करायच्या, गळ्यातले स्कार्फ काढून पिळायचे, आणि नव्यानं मधून धावत जायचं. पाठीवर फटके, ते लाडाचे. टोक मोकळं ठेवायचं, कमरेच्या वर आणि मानेच्या खाली, आणि मॅडमची शिटी वाजली की तिथल्या तिथं सगळे हात खाली. पलीकडे पोरगा लालबुंद होऊन हसत बाहेर पडायचा, मग सगळे त्याच्याशी डावा हात मिळवायचे, कारण डावा हात काळजाजवळचा. पालक व्हिडिओ काढायचे. बोगदा हे नाव पोरांनी दिलं. आपल्यातला व्हायचं तर बोगद्यातून जायचं, असं ती पोरं एकमेकांना सांगायची आणि तिला ते गोड वाटायचं. चार फटके खाल्ल्याशिवाय माणूस आपल्यात येत नाही हे तिला कुणी शिकवलं होतं? सांताक्रूझच्या शाळेत ती दिसली की मुली नाक दाबायच्या. एकीनं एकदा तिच्या दप्तरात बोंबलाचं शेपूट टाकलं होतं. दिपाली रडली नाही, त्यांच्याबरोबर हसली. हसल्यावर त्यांनी तिला लंगडीत घेतलं. घरी सांगितलं तेव्हा आई, सोनूबाई, वाकोल्याच्या बाजारात मासे विकायला पाटावर बसली होती. तिनं ऐकून घेतलं, समोरच्या घोळीचं डोकं कोयत्याखाली धरलं आणि एकाच घावात असं फोडलं की गिऱ्हाईक मागे सरकलं. "हसलीस?" एवढंच तिनं विचारलं. मग दिवसभर ती लेकीशी बोलली नाही.

आणि आता माधुरीचा भीमराज हसत नव्हता. हीच तर अडचण होती. माधुरी मेट्रोच्या स्टेशनात काउंटरवर असते, शनिवारी ड्यूटीला जाताना मुलाला मैदानात सोडते. वचनात ईश्वर म्हणायचं की धर्म म्हणायचं, याची मुभा स्काउटच्या पुस्तकातच आहे. माधुरीनं सरळ येऊन सांगितलं, "आम्ही बौद्ध आहोत, मॅडम. तो धर्म म्हणेल." दिपाली म्हणाली, अहो म्हणू दे ना, त्यात काय. पण पालकांच्या ग्रुपवर ते कुणीतरी टाकलं आणि मग रोज मोबाइल तापायला लागला. स्काउटमध्ये राजकारण कशाला. सगळी पोरं एक म्हणतात तर एकानंच वेगळं का. माधुरी प्रत्येकाला उत्तर द्यायची, पुस्तकाच्या पानाचा फोटो टाकून. मग तिनं शिबिरातल्या जेवणाबद्दलही विचारलं, की निम्म्या घरांत मासे-मटण शिजतं तर शिबिरात अंडंसुद्धा चालत नाही हे कुणी ठरवलं. हा प्रश्न खरं तर दिपालीनं विचारायला हवा होता. तो वाचताना तिच्या बोटांना बोंबलाचा वास आला, आणि तिनं ग्रुपवर फक्त हात जोडलेलं चित्र टाकलं. तीन घरांनी पोरं काढू म्हणून कळवलं. सोसायटीच्या सेक्रेटरीनं मैदानाचं बघावं लागेल म्हणून सुनावलं. दिपाली तेव्हा याच ओट्यापाशी, बांगडे साफ करता करता, कानाला फोन लावून विमानतळावर कार्गोच्या शिफ्टवर असलेल्या नवऱ्याशी बोलत होती. "एवढ्या वर्षांचं पथक त्या एका बाईपायी मोडणार बघ हितेश. पोरगंही तसलंच, बघत राहतं नुसतं. एकदा बोगद्यातून जाऊ दे, होईल सरळ." बांगड्याचं पोट फाडून तिनं आतलं सगळं एका बोटानं ओढून काढलं होतं. मागे प्रीतम पाण्याची बाटली भरत होता.

ती आत गेली. स्कार्फ हातात तसाच. "ऊठ," ती म्हणाली.

प्रीतम उठून बसला. त्यानं आधी तिच्या हाताकडे बघितलं, मग भिंतीकडे.

"हे काय आहे?"

"तुला माहितीये."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"तूच शिकवलीस ना गाठ." आवाज फुटायच्या वयातला घोगरा आवाज, मध्येच बारीक झाला. "तूच म्हणालीस ना, होईल सरळ."

तिला पुढचं नीट दिसलं नाही. हात वर गेला, ओला पीळ हवेत ताणला गेला आणि गाठ त्याच्या कानाजवळून जाऊन दाराच्या चौकटीवर आदळली. लाकडाचा टवका उडून गादीवर पडला. आवाज तोच. कालचा, होडीतला. गाठ बोटभर इकडे असती तर. प्रीतमनं डोळे मिटले होते, हात वर केले नव्हते. मार चुकवायचा नाही असं ठरवून बसल्यासारखा. त्याच्या पापण्या थरथरत होत्या. जन्मला तेव्हा त्या इतक्या पातळ होत्या की त्यातून बुबुळ हललेलं दिसायचं. दारात सई कप घेऊन उभी होती, ओठांवर दुधाची मिशी. दिपाली खाली बसली. तिच्या दंडात अजून त्या फटक्याचा जोर भरलेला होता, आणि त्याची चव होती, आणि ती चव वाईट नव्हती. हेच तर. ही चव त्याला कुठून लागली हे शोधायला फार लांब जायला नको होतं.

"मला डोळ्यावर नव्हतं मारायचं," प्रीतम म्हणाला. "तो थांबला मध्येच. धावला असता तर पाठीवर बसला असता. सगळे ओरडत होते, बोल ईश्वर, बोल ईश्वर. तो बोललाच नाही. तो बघत होता नुसता."

"आणि विकी?"

"विकीनं टोक मोकळं ठेवलेलं." तो रडायला लागला, नाक न पुसता, लहान असताना रडायचा तसा. "विकीनं मला नंतर म्हटलं, घाबरू नको, मी नाय सांगणार. मम्मी, सर त्याला काढतील?"

तिनं त्याचं डोकं जवळ ओढलं. केसांना कालची माती होती. "कपडे घाल," ती म्हणाली. "आपण जातोय."

सईला शेजारी ठेवायचा विचार केला तर तिनं दाराला मिठी मारली, म्हणून तिलाही घेतलं. रिक्षात ती दोघांच्या मध्ये, आणि कापडी पिशवीत तो स्कार्फ, गाठ न सोडता. हायवेला धूळ उडत होती, रिक्षावाला एका बसला शिव्या घालत होता, सिग्नलला दोन माणसं एकमेकांची गचांडी धरून उभी होती आणि लोक त्यांच्या बाजूनं वाट काढत होते. कुणी सोडवत नव्हतं. दिपाली बघत होती. बघत राहणं किती सोपं असतं. काल मैदानात ती रांगांच्या तोंडाशी उभी होती. भीमराज वचन घेऊन आला, धर्म हा शब्द त्यानं स्पष्ट उच्चारला, अकरा वर्षांच्या मुलाच्या मानानं फारच स्पष्ट. मग तो बोगद्यात शिरला. पहिल्या चारपाच फटक्यांतच तिला कळलं की हात वेगळे पडताहेत. लाडाच्या फटक्याला फडफड असते. यांना नव्हती. शिटी तिच्या तोंडात होती. स्टीलची शिटी, दातांत धरलेली, जिभेला लोखंडाची आंबट चव. छातीत श्वास भरून घेतलेला. भीमराज मध्यावर थांबला, पुढची पोरं वाट अडवून उभी राहिली होती, स्कार्फ उठत होते, पडत होते, आणि त्या हातांच्या फटीतून त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. श्वास छातीतच राहिला. फार नाही, दोनतीन फटके पडतील एवढाच वेळ. तेवढ्या वेळात तिला ग्रुपवरचे सगळे निरोप आठवले, पुस्तकाच्या पानाचे फोटो आठवले, आणि कोयत्याखाली फुटलेलं घोळीचं डोकं. आणि तिच्या आत कुणीतरी म्हणालं, बसू दे. मग तो आवाज आला. मग तिनं शिटी वाजवली, इतक्या जोरात की चिंचेवरचे कावळे उडाले. पोरांनी शिटी ऐकली नाही असं ती डॉक्टरांना म्हणाली. सीतारामसरांना म्हणाली. हितेशला रात्री म्हणाली. म्हणता म्हणता ते खरं वाटायला लागलं होतं.

माधुरीच्या घराकडे जाताना लागणारा वाकोल्याचा बाजार तसाच होता. आईच्या पाटाच्या जागी आता कुणी शर्मिष्ठा नावाची बाई बसते, आईनंच तिला जागा दिली. कापलेल्या सुरमईचं पाणी गटाराकडे वाहत होतं. प्रीतम ते ओलांडताना तिचा हात धरायला आला. बारा वर्षांचा झाल्यापासून धरत नव्हता. तिनं धरू दिला. तिचा डावा हात, त्याचा उजवा.

माधुरीनं दार उघडलं. मेट्रोचा गणवेश अंगावर तसाच, काल ड्यूटीवरून सरळ हॉस्पिटलात आली होती ती. कपडे बदलायचं सुचलं नसावं. खोलीत फोटोसमोर पांढरी फुलं होती. खिडकीपाशी पलंगावर दोन उशांना टेकून भीमराज बसला होता, डाव्या डोळ्यावर पांढरं झाकण, गाल जांभळा फुगलेला. डोळ्यात रक्त साकळलंय, ते उतरलं की किती दिसतंय ते कळेल, तोवर हलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं दिपालीनंही काल ऐकलं होतं.

"सरांचा फोन आला होता," माधुरी म्हणाली. बसा म्हणाली नाही. "कोण विकी म्हणून आहे म्हणे. तुम्ही पण तेच सांगायला आलात?"

"नाही."

दिपालीनं प्रीतमच्या खांद्यावर हात ठेवला. ढकललं नाही. त्यानं पिशवीतून स्कार्फ काढून टेबलावर ठेवला. गाठ लाकडावर टेकली तेव्हा बारीकसा आवाज झाला आणि पलंगावर भीमराजचे खांदे आक्रसले. "मी मारलं, काकी," प्रीतम म्हणाला. "दगड घातला होता. विकीनं नाही."

माधुरीनं ती गाठ उचलली. हातात तोलली. बराच वेळ तोलली. तिच्या मनगटाची शीर वर आली आणि दिपालीला वाटलं, आता ती हे भिरकावणार, प्रीतमच्या तोंडावर नाहीतर माझ्या, आणि भिरकावलं तर मी मध्ये जाणार नाही, जाणार, नाही. माधुरीनं ते भिरकावलं नाही. "एवढंसं पोरगं," ती म्हणाली. कुणाबद्दल म्हणाली कळलं नाही. "एवढ्याशा पोराला हे सुचतं कसं हो मॅडम? घरात काय बोलता तुम्ही?"

"बोलले मी," दिपाली म्हणाली. "माझ्याकडूनच ऐकलं त्यानं. तुम्ही पोलिसांत जा. मी येते बरोबर. सरांना मी सांगेन."

ते बोलल्यावर तिला हलकं वाटलं. रिक्षात बसल्यापासून छातीत धरून ठेवलेला श्वास सुटला. आपण आपलंच पोर आणून उभं केलं, यापरतं आईकडून कुणी काय मागणार, असं काहीसं तिच्या मनात यायला लागलं, आणि ते ऊबदार होतं. सई पलंगापाशी सरकली होती. तिनं फ्रॉकच्या खिशातून चिंचेची गोळी काढून चादरीवर ठेवली. भीमराजनं ती डाव्या हातानं उचलली, पण खाल्ली नाही. तो दिपालीकडे बघत होता. एकाच डोळ्यानं. काल दोन होते. नजर तीच होती, आणि आता पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की त्या नजरेत कधीच उर्मटपणा नव्हता. तो वाट बघत होता.

"मॅडम," तो म्हणाला. घसा बसलेला होता, पण शब्द स्पष्ट, कालच्यासारखेच. "मी बघितलं होतं तुमच्याकडे. शिटी तोंडातच होती तुमच्या."

माधुरीनं मान वर केली.

"ती बिघडली होती का?"